धुक्याचा सीन

सिनेमाच्या तीनच्या खेळाला जायचं म्हणून खारू अकरा वाजल्यापासून बूट घालून बसली होती. सात वर्षांची पोर. जेवताना गाल भरून घ्यायची म्हणून तिच्या आईने हे नाव ठेवलं होतं. आई गेली, पण नाव राहिलं.

मावशी टेबलावरची ताटं उचलत होती. ती हळूच म्हणाली, "भावोजी, अजून वेळ आहे. नका नेऊ तिला."

"तिकिटं काढलीत."

"तिकिटांचं काय एवढं? आत्ता कुठे ती विचारायची थांबलीये. पुन्हा खपली काढायची का?"

खारूच्या बापाने तिकिटं खिशात सरकवली. मेव्हणीचं म्हणणं खोटं नव्हतं. गेले आठ महिने तीच घर सांभाळत होती आणि रात्री पोरीच्या प्रश्नांना उत्तरंही तीच देत होती. आई कुठून बोलेल आता? फोन लागत नाही तिथे? दोन महिन्यांपूर्वी ते प्रश्न थांबले होते. आणि आता गावातल्या एकुलत्या एका थिएटरात ते चित्र लागलं होतं.

चित्र परदेशी होतं, मुलांसाठी काढलेलं, सगळं रंगवलेल्या प्राण्यांचं. पाणमांजरांचं एक कुटुंब, त्यांची नदी आटते आणि ते नवी नदी शोधायला निघतात. आपल्या भाषेत आणताना त्यातल्या आई पाणमांजराला आवाज दिला होता त्याच्या बायकोने. ते तिचं कामच होतं. ती काचेच्या आत मायक्रोफोनसमोर उभी राहायची आणि तो काचेच्या बाहेर यंत्रासमोर बसून तिचा आवाज टिपायचा. अकरा वर्षं संसार केला, त्यातला निम्मा त्या काचेतून.

"नीट ऐक," त्याने खारूला आदल्या दिवशी समजावलं होतं. "मध्यंतरापर्यंत आई बोलते. मध्यंतरानंतर दुसऱ्या काकू बोलतात. म्हणून मध्यंतराला आपण उठायचं आणि घरी यायचं."

"दुसऱ्या काकू आईसारखं बोलतील?"

"नाही."

"प्रयत्न तरी करतील ना?"

"करतील."

"मग आपण उठून आलो तर त्यांना वाईट नाही का वाटणार?"

तेव्हा तो हसला होता. पण खरी गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती, मावशीलाही नाही. मध्यंतराला उठायचा त्याचा विचार नव्हताच. तो जाणार होता तो चोरी पकडायला.

बायको गेल्यानंतर पंधरा दिवसांनी स्टुडिओचा मालक घरी आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने एक कागद पुढे केला. जुन्या रेकॉर्डिंगवरून हुबेहूब आवाज काढणारं मशीन आलंय म्हणे. तुमची हरकत नसेल तर उरलेलं चित्र तिच्याच आवाजात पुरं होईल, तिलाही बरं वाटेल. याने सही केली नाही. मालकाने कागदाची घडी घातली आणि चहा संपवून गेला. एका शब्दाने वाद घातला नाही. दहा वर्षं त्याच्याकडे काम केल्यामुळे त्याला ठाऊक होतं, इतक्या सहज ऐकणारा माणूस मालक नव्हता. तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती.

थिएटर बाजाराच्या रस्त्याच्या टोकाला होतं. आठवड्यातला मधला दिवस, चित्राचा तिसरा आठवडा. आत दमट कापडाचा आणि फिनेलचा वास. दोन नातवंडांना घेऊन आलेले एक आजोबा, मागच्या कोपऱ्यात एक जोडपं, ज्यांना चित्राशी काही देणंघेणं नव्हतं, आणि दाराशी बॅटरी घेऊन स्टुलावर बसलेला म्हातारा दारवान. बाकी सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. त्याने मधली रांग निवडली, बरोबर मधल्या खुर्च्या. दोन्ही बाजूंच्या स्पीकरचा आवाज तिथे मिळतो. खारूने पाय वर घेतले आणि बूट खुर्चीला लागू नयेत म्हणून हवेत धरले.

दिवे गेले. पहिल्या पाच मिनिटांतच आई पाणमांजर पाण्यातून डोकं वर काढून पिल्लांना ओरडली.

खारू हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, आई मला ओरडते तशीच ही ओरडली."

"तुझ्यावरच सराव केला होता तिने."

"मग मला अर्धे पैसे द्यायला हवे होते."

हा विनोद आईचाच होता. तो अंधारात ऐकत राहिला. प्रत्येक वाक्य त्याने टिपलेलं होतं. या ठिकाणी तिला सर्दी होती. इथे ती हसली होती आणि पुन्हा घ्यावं लागलं होतं. वाक्य संपलं की ती काचेतून त्याच्याकडे बघायची; त्याने अंगठा दाखवून "ओके" म्हटलं की पुढे. नाही तर तो बटण दाबून तिच्या कानात म्हणायचा, "अजून एकदा." मग ती डोळे फिरवायची. "साहेबांचे कान आहेत की सोनाराचा काटा?"

शेवटच्या दिवशी तिने डोळे फिरवले नव्हते.

त्या दिवशी मध्यंतरानंतरचा पहिला सीन होता. नदीवर धुकं उतरतं, एक पिल्लू अलीकडच्या काठावर राहून जातं आणि आई पलीकडून हाक मारते. एकच वाक्य. 'डोळे मीट आणि माझ्या आवाजाकडे ये.' सकाळपासून तिला धाप लागत होती. ती म्हणाली, उद्या करू का? तो म्हणाला, एवढं एक संपवू. सात वेळा ती ते वाक्य बोलली. सातही वेळा श्वास फुटला आणि सातही वेळा तो म्हणाला, अजून एकदा. ओके काही झालं नाही. त्या संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. ते सातही तुकडे त्याने नंतर स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते. तेव्हा त्या वाक्यात तिचा आवाज असण्याचा प्रश्नच नव्हता. असलाच तर तो मशीनचा.

मध्यंतरात तो खारूला मक्याच्या लाह्यांचं पाकीट घेऊन देऊन बाहेर व्हरांड्यात आला आणि फोन लावला. डबिंगच्या दिग्दर्शिकेला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कोणाचा उच्चार चुकला की त्या शाळेतल्यासारख्या टेबलावर टकटक करत.

"मास्तरीणबाई, एक खरं सांगाल? पुढचा भाग कोणी केलाय?"

"थिएटरात आहेस का तू?" त्यांनी उलट विचारलं. "अरे, रेडिओवरच्या बाई आहेत त्या. जाड आवाजाच्या. सांगितलं होतं ना तुला."

"मालकांनी मशीन वापरलेलं नाही?"

"मी उभी होते तिथे, चार दिवस. पहिल्या शब्दाला कळेल तुला. बस आणि ऐक. नाही तर असं कर, ऐकूच नकोस. लेकराला घेऊन घरी जा."

ऐकू नकोस असं त्या का म्हणाल्या, हे त्याला खटकलं. ज्याच्या मनात एकदा संशय शिरला त्याला मायेचं बोलणंही आडपडद्याचं वाटतं. तो आत आला.

"निघायचं?" खारूने विचारलं. तिने पाकिटाची घडीसुद्धा घातली होती.

"पाच मिनिटं बसू."

"पण तू म्हणाला होतास..."

"पाचच मिनिटं."

दिवे पुन्हा गेले. पडद्यावर नदी आली, आणि धुकं. हळूहळू काठ दिसेनासे झाले, मग पाणी, मग पिल्लू. पडदा पांढरा झाला आणि त्याच्या उजेडात सगळं थिएटर फिकट दिसू लागलं. संगीत थांबलं. नुसता पाण्याचा आवाज. मग त्या पांढऱ्यातून वाक्य आलं.

"डोळे मीट आणि माझ्या आवाजाकडे ये."

त्याच्या हाताची मूठ वळली. तिचाच आवाज होता. 'ये'च्या शेवटी खाली बसणारा, घरगुती. पण त्याच्या डोक्यातला रेकॉर्डिस्ट अजून जागा होता. मशीन, तो स्वतःशी म्हणाला. पकडलं. वाक्य स्वच्छ होतं, धाप नव्हती. जिवंतपणी तिला हे असं बोलता आलं नव्हतं. फक्त सुरुवात जराशी घाईची झाली होती. 'डोळे' हा शब्द निसटला होता.

आणि वाक्यानंतर एक शांतता होती. चित्रात असते तशी ती नव्हती. ही त्याला ओळखीची होती. आतला माणूस बाहेरच्याची वाट बघतो, तेव्हाची.

जन्माची सवय. त्याच्या तोंडून पुटपुटल्यासारखं निघून गेलं, "अजून एकदा."

"डोळे मीट आणि माझ्या आवाजाकडे ये."

या वेळी 'डोळे' नीट आलं.

तो खुर्चीत पुढे सरकला. पडदा तसाच पांढरा होता. त्याने स्वतःला समजावलं, चित्रातच दोनदा असेल. मशीन एकच वाक्य कितीदाही म्हणेल, पण म्हणेल ते जसंच्या तसं. त्याला खात्री करून घ्यायची होती, एवढंच. तो जरा मोठ्याने म्हणाला, "अजून एकदा. 'माझ्या'वर जोर."

नाकाने घेतलेला श्वास ऐकू आला. मग, "डोळे मीट आणि... माझ्या आवाजाकडे ये."

मशीन नव्हतं. चोरीही नव्हती. आठ महिने त्याने उराशी धरलेला संशय एका श्वासात गळून पडला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला नाव नव्हतं. त्याने बाजूला पाहिलं. आजोबांच्या हातातली लाही तोंडापर्यंत गेली होती आणि तिथेच थांबली होती. नातवंडं पुतळ्यासारखी पडद्याकडे बघत होती.

शेजारची खुर्ची मिटलेली होती.

खारू मधल्या वाटेत उभी होती, चार रांगा पुढे. पाठमोरी. दोन्ही हात थोडे पुढे धरलेले, आंधळी कोशिंबीर खेळताना धरतात तसे. डोळे दिसत नव्हते, पण मिटलेले असणार हे त्याला कळलं.

आता जे झालं ते त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही. त्याने तिला पाहिलं होतं. आपण 'अजून एकदा' म्हटलं की ती पुढे चालते, हे त्याला समजलं होतं. तरी तो ती शांतता ऐकत बसला. पलीकडे कोणीतरी त्याच्या शब्दासाठी थांबलं होतं. त्याने 'ओके' म्हटलं तर ते थांबणं संपणार होतं आणि पुन्हा कधी मिळणार नव्हतं. हे कळूनही तो म्हणाला...

"अजून एकदा."

"डोळे मीट आणि माझ्या आवाजाकडे ये."

खारू चालू लागली. तिच्या बुटांचा आवाज येत नव्हता. पहिली रांग मागे पडली. पडद्याखालचा लाकडी कट्टा ती न चाचपडता चढली आणि तिची बोटं त्या पांढऱ्या उजेडाला टेकली. पडदा कापडाचा, बोटांनी तो हलायला हवा होता. तो हलला नाही. बोटं दिसेनाशी झाली.

त्याने उजवा हात वर केला. काचेतून दाखवायचा तसा अंगठा उभा धरला.

"ओके," तो म्हणाला. "झालं. ओके आहे. छान झालं."

मग अगदी जवळून, स्पीकरमधून नव्हे, हेडफोन कानाला लावल्यावर येतो तसा दमलेला आवाज आला. "खरंच?"

"खरंच."

संगीत सुरू झालं. धुकं विरलं, पिल्लू पाण्यात उडी मारताना दिसलं आणि पलीकडच्या काठावरून आई पाणमांजर ओरडली, "शाब्बास रे माझ्या वाघा." आवाज जाड होता, रेडिओवरच्या बाईंचा. बाजूला आजोबा लाही चावत होते.

दारवानाने खारूला बॅटरीच्या उजेडात हाताला धरून आणलं. "साहेब, लेकराला सांभाळा. कट्ट्यावरून पडली असती म्हणजे?"

"हा धुक्याचा सीन... एवढा मोठा आहे?"

"कुठला मोठा? धुकं येतं नि जातं. शिंक आली तर हुकेल. तीन आठवडे बघतोय मी."

घरी जाताना खारू त्याचं बोट धरून चालत होती. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं उघडी होती.

"खारू, तू पुढे का गेलीस?"

"तू आईला सारखं बोलायला लावत होतास म्हणून." मग जरा वेळाने, "ती किती दमली होती, बाबा."

रात्रभर तो तिच्या उशाशी बसून राहिला. सकाळी ती नेहमीसारखी उठली, दूध प्यायली, मावशीशी वेणीवरून भांडली. उजेडात माणसाला पुन्हा शहाणपण सुचतं. आठ महिन्यांची जागरणं, मनावरचा ताण, थिएटरातला अंधार. हातच्या कांकणाला आरसा कशाला? स्टुडिओत तो सीन आहे, ऐकून बघू आणि विषय मिटवू. "आज कामावर जाऊन येतो," तो मावशीला म्हणाला. ते सात तुकडे पुसले, त्यानंतर तो पहिल्यांदाच तिकडे जात होता. मावशीला बरं वाटलं. "जा, भावोजी. जरा माणसांत या."

मास्तरीणबाईंनी काही न विचारता तो भाग लावून दिला. "दोन महिन्यांपूर्वी बंद केलेलं काम आहे. हात लागलेला नाही कोणाचा," एवढं म्हणून त्या चहा सांगायला गेल्या.

त्याने हेडफोन चढवले, संगीत बंद केलं, पाणी बंद केलं, नुसते संवाद ठेवले. धुकं आलं. "डोळे मीट आणि माझ्या आवाजाकडे ये," रेडिओवरच्या बाई म्हणाल्या. जाड, सरावलेला आवाज. एकदाच. पुढे शांतता.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. मग सवयीने ती शांतता मोठी करून ऐकली.

तळाशी काहीतरी होतं. त्याने आणखी वाढवलं. एक बारीक आवाज, लांबून बोलल्यासारखा.

मास्तरीणबाई कप घेऊन आल्या. त्याने विचारलं, "इथे पिल्लाला कोणी आवाज दिलाय?"

"या सीनमध्ये पिल्लू बोलतच नाही रे. नुसतं ऐकतं." त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

त्याने पुन्हा लावलं. आता शब्द कळले. सात वर्षांच्या मुलीचा, समजूत घालणारा आवाज.

"आई, आज नको. बाबा सोबत आहे ना. उद्या तो कामावर गेला की येते."

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज त्याला ऐकू आला नाही. त्याने घरचा फोन लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा उचलला गेला.

"हॅलो?" खारू होती.

"बाळा... मावशी कुठेय?"

"गच्चीवर. कपडे वाळत घालतेय."

"तू एकटीच आहेस का खाली?"

मग तिने अगदी सहज विचारलं, "बाबा, तू कामावर पोचलास का?"

भिंतीवर घड्याळ होतं. घर वीस मिनिटांवर. मास्तरीणबाई त्याच्याकडे बघत होत्या.

"नाही," तो म्हणाला. जमेल तितक्या शांतपणे म्हणाला. "मी गेलोच नाही, खारू. रस्त्यातूनच परत फिरलोय. खाली फाटकाशी आहे, आलोच."

खारूने फोन तोंडापासून लांब धरला. तरी त्याला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. ती खोलीतल्याच कोणाला तरी सांगत होती.

"नाही म्हणतोय. पण खिडकीतून दिसत नाहीये."